पांढऱ्या कडेची पानं

६ मार्च

लंबू,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. तुझ्या टेकडीवर फोन लागला तर लागतो, आणि लागतो तेव्हा हे नेमके समोरच्या खुर्चीत असतात. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये नवऱ्याची तक्रार नवऱ्याला ऐकू न जाता कशी करायची? म्हणून हा कागद.

खरं तर तक्रार तुझीच आहे. सात वर्षांपूर्वी तू मागच्या अंगणात पेरूवियन लिलीचे कंद लावून गेलास. पांढऱ्या कडेची पानं, लाल फुलं, पाकळ्यांची टोकं पोपटी. दुर्मीळ माल आहे, ताई, जपून ठेव, असं म्हणाला होतास. शेजारीण अजून विचारते, हिला पेरू कधी लागणार. तर तो तुझा दुर्मीळ माल यंदा हिरवा होत चाललाय. अर्ध्याहून जास्त कोंब कोथिंबिरीसारखे हिरवेगार आलेत, आणि पांढरी कड शोधावी लागतेय. सगळं हिरवं निघालं की उपटायचं, असं तू यांना शिकवलं होतंस. हे दर रविवारी सकाळी न चुकता वाफ्याशी बसतात. इतकी वर्षं कधी तक्रार नव्हती. आता उपटतील तेवढं हिरवं वाढतंय.

यांचं ठीक आहे. कामावर जातात, येतात. घरात मात्र एका जागी बूड टेकत नाही. टीव्ही लावतात आणि उठतात, दारापर्यंत जातात आणि परत येतात. मग मीही उगाच कपाटं आवरत सुटते. दोघं मिळून नुसते घरभर फिरत असतो. शेजारणीला वाटत असेल, यांचं काहीतरी हरवलंय.

वाफ्याचं काय करू ते लिही.

तुझी ताई


१५ मार्च

ताई,

माझा माल अस्सल आहे. इथल्या नर्सरीत त्याच कंदाची भावंडं तीन वाफे भरून उभी आहेत आणि सगळ्यांना पांढरी कड आहे. तेव्हा दोष तुमच्याकडे शोध.

आता जरा समजून घे. पानाला पांढरी कड आली की तेवढ्या भागात हिरवा रंग नसतो. म्हणजे पान अन्न कमी बनवतं आणि कोंब हळू वाढतो, बारीक राहतो. अधूनमधून एखादा कोंब पूर्ण हिरवा निघतो. तो दांडगा असतो. राहू दिला तर दोन-तीन वर्षांत सगळा वाफा बळकावून बसतो. म्हणून तो दिसला की बोटं मातीत घालून, खालच्या कंदाच्या तुकड्यासकट काढायचा. नुसता वरून ओढला तर पुन्हा हिरवाच येतो. दाजी हे सगळं माझ्याइतकंच जाणतात. गड्याची बोटं क्रेनच्या दांड्यावर तीस वर्षं बसलीत, पण वाफ्यात सोनाराची होतात.

तू एक कर. ते उपटलेले कोंब कोपऱ्यात टाकतात ना, तो ढीग जाऊन बघ. त्यात किती हिरवे आणि किती पांढऱ्या कडेचे, ते कळव. ढीग बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

बाकी गोगलगायी रोज सकाळी हाताने वेच. माती ओली ठेव पण चिखल नको. आणि कंद कसे आहेत म्हणून उकरून बघायची तुझी जुनी खोड आवर. या झाडाला हलवलेलं खपत नाही, वर्षभर रुसून बसतं.

लंबू


२३ मार्च

लंबू,

ढीग बघितला. सगळे पांढऱ्या कडेचे आहेत. एकही हिरवा नाही.

म्हणजे चुकून झालं असणार. कामाचा ताण आहे, ड्यूट्या बदलल्यात. मी यांना सहज म्हटलं की अहो, तुम्ही चांगले कोंब काढताय आणि हिरवे ठेवताय. तर अंगावर आले. म्हणाले, मेलेले, पिवळट, रोगट कोंब काढतोय मी, सात वर्षं काढतोय, तू मला शिकवू नकोस. आणि माझ्यादेखत उरलेल्या कोपऱ्यातले चार काढले. चारही पांढऱ्या कडेचे.

तू एक काम कर. चांगल्या वाणाचा एक मोठा गड्डा मातीसकट पाठव. हे कामावर असताना मी हिरवं सगळं काढून तो लावून टाकीन. यांना कळायला नको. त्यांचा तेवढाच विरंगुळा आहे आणि तोही चुकला असं कानावर घालायची माझी इच्छा नाही. या विषयावर फोन करू नकोस.

ताई


३१ मार्च

ताई,

गड्डा पाठवत नाही. त्याआधी तुला एक विचारायचंय, आणि हे वाक्य मी तीन कागद फाडून लिहितोय.

दाजींना पांढरी कड दिसत नाही का?

रोगट, पिवळट म्हणाले ते. बारीक नजरेला जी कड दिसते ती धूसर नजरेला दिसणार नाही, सगळं पान फिकं दिसेल. फिकं दिसलं म्हणून त्यांनी ते आजारी समजून काढलं. सात वर्षांत न चुकलेला माणूस उलटं करतो ते ताणामुळे करत नाही.

आता मागचं आठवतंय. हिवाळ्यात मी आलो होतो तेव्हा त्यांनी माझ्या पेल्यात पाणी ओतलं ते पेला भरून टेबलावर आलं, आणि तू पटकन फडकं घेऊन आलीस. फडकं तुझ्या हातात आधीच होतं, ताई. मी निघालो तेव्हा बसच्या मधल्या खिडकीत होतो. ते ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीकडे बघून हात हलवत राहिले. मला वाटलं, मेव्हण्याची थट्टा चाललीय. मीही हसलो.

ते दुकानात बसणारे असते तर मी चष्म्याचं दुकान सुचवून गप्प बसलो असतो. पण ते जहाजांच्या यार्डात चाळीस फुटांवर क्रेनच्या केबिनमध्ये बसतात आणि त्यांच्या हुकाला जहाजाचे भाग लटकलेले असतात. खाली माणसं काम करतात. मला तर आता इथे पाणी घालतानाही तेच दिसतं. झारी ठेवतो, घरात जातो, काय करायला आलो ते विसरतो, परत बाहेर येतो.

तू बोल त्यांच्याशी. तू बोलणार नसशील तर मी यार्डाला लिहीन.

लंबू


४ एप्रिल

तू तुझी रोपं सांभाळ.

फेब्रुवारीत यार्डाच्या डॉक्टरांनी डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांनी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, एक अक्षर चुकले नाहीत. कागद माझ्याकडे आहे. डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का? चार पानं हिरवी झाली म्हणून माणसाच्या नोकरीवर उठलास. दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला. ती झाली की आम्ही क्वार्टर मानाने सोडू, तोवर हे घर नोकरीबरोबर आहे हे तुला माहीत आहे.

यार्डाला लिहिलंस तर मला बहीण म्हणू नकोस.


१९ एप्रिल

ताई,

लिहिलं नाही. तुझ्या कागदापुढे माझं काय चालणार. डॉक्टरांनी बघितलं असेल तर बघितलं असेल.

गड्डा पाठवतोय, ओल्या गोणपाटात गुंडाळलाय. आला की त्याच दिवशी लाव. वीतभर खोल, मुळं आडवी पसरून, आणि ती काचेसारखी मोडतात म्हणून दाबायचं नाही. फुलं आली की कात्री लावू नकोस. दांडा खाली धरून हलकेच ओढ, तो अख्खा सुटून येतो आणि खालून नवा कोंब फुटतो. यंदा फुलं कमी येतील. पुढच्या वर्षी बघ.

दाजींना नमस्कार.

लंबू


२९ मे

लंबू,

सव्वा महिना झाला. गड्डा पोहोचला होता, लावला होता. पोच दिली नाही, कारण तुला लिहायचं म्हटलं की खरं लिहावं लागेल आणि ते हातून होत नव्हतं. आज सकाळपासून चारदा बसले आणि उठले. आता दाराला कडी लावून बसलेय.

फेब्रुवारीतला तक्ता मी यांच्याकडून पाठ करून घेतला होता.

यार्डाच्या दवाखान्यात तोच एक तक्ता वर्षानुवर्षं भिंतीवर आहे. मी कंबर दुखते म्हणून तिथे गेले आणि बाकावर बसून तो उतरवून आणला. मग पंधरा दिवस मी पोळ्या लाटत प्रश्न विचारायचे आणि हे मागे उभं राहून सांगायचे. चौथी ओळ, तिसरं अक्षर. सहावी ओळ उलटी. तुझ्याकडून पाढे घेतले तसे. चुकले की हे हसायचे आणि मीही हसायचे. त्या पंधरा दिवसांत आम्ही जितके हसलो तितके वर्षात हसलो नव्हतो, हे सांगायलाही लाज वाटते.

बाहेरच्या डॉक्टरला आधीच दाखवलं होतं. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, नजर परत येणार नाही, म्हणाले. कडेचं दिसतं, समोरचं जातं. आम्ही ठरवलं, दीड-दोन वर्षं रेटू. खाली सिग्नलवाला आहे, तो वॉकीटॉकीवर सांगतो. यांचा हात बसलेला आहे. काही होत नाही. काही होत नाही असं मी रोज सकाळी डबा भरताना म्हणायचे, आणि हे परत येईपर्यंत घरात चकरा मारायचे. मी तुला मार्चमध्ये लिहिलं ना, एका जागी बूड टेकत नाही. ते कशामुळे, तेवढं लिहिलं नाही.

बारा मे रोजी यांनी जहाजाचं सुकाणू उचललं. गोदीत एक फिटर पाना पडला म्हणून वाकला होता. कानावर आवाज अडवणारे पट्टे, पाठ वळलेली. हे त्याच्या दिशेने भार फिरवत होते. सिग्नलवाला ओरडला, थांब. हे थांबले. सुकाणू त्याच्या हेल्मेटच्या हातभर वर झुलत राहिलं. फिटरला पत्ताही नाही. पाना उचलून तो पलीकडे निघून गेला. सिग्नलवाल्याने कुठे नोंद केली नाही.

हे घरी आले, चपला काढल्या नाहीत. मागे जाऊन वाफ्यात बसले आणि दोन्ही हातांनी उपटत सुटले. हिरवं, पांढरं, तू पाठवलेलं, सगळं. मुळं तुटल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, अहो, काय झालं? तेव्हा मातीकडे बघतच म्हणाले, "खाली माणूस होता. मला दिसला नाही." बाकीचं सगळं मला नंतर सिग्नलवाल्याने सांगितलं. तो म्हणाला, वहिनी, मला वर्षभर माहीत होतं, म्हणून मी इंचाइंचाला बोलायचो.

दुसऱ्या दिवशी यांनी नेहमीच्या वेळेला डबा मागितला. मी भरून दिला. डबा हातात घेतला, पिशवीत ठेवला आणि निघाले. लंबू, ते निघाले. मी खिडकीतून बघत होते आणि मला वाटलं होतं, वळतील. वळले नाहीत. मग मी साडी बदलली आणि पुढच्या बसने यार्डाच्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांना सांगितलं, यांचे डोळे आज पुन्हा तपासा, पण तक्ता बदला.

तक्ता बदला म्हणजे काय, हे त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या तक्त्यावर यांना दुसरी ओळ आली नाही. दुपारी केबिनची किल्ली काढून घेतली. कोणी सांगितलं ते यांना तिथेच कळलं. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं की जेवतात. आता डब्याची वेळ झाली की कपडे करून खुर्चीत बसतात आणि दहा मिनिटांनी बदलतात. क्वार्टर जूनच्या अखेरीला सोडायचं आहे.

तुला मी लिहिलं होतं, मला बहीण म्हणू नकोस. ते मागे घेते.

ताई


६ जून

ताई,

माझंही एक ऐक. यार्डाला पत्र लिहिलं नाही असं मी तुला कळवलं होतं. लिहिलं होतं. पाकिटावर पत्ता घालून, तिकीट लावून, खाली टपालपेटीपर्यंत दोनदा गेलो. बहीण तुटेल म्हणून टाकलं नाही. मग तुझ्या कागदावर विश्वास ठेवल्यासारखं केलं, कारण ते सोयीचं होतं. फडकं बघितलेला माणूस मी. बारा मेला सिग्नलवाला ओरडायच्या ऐवजी नुसता खोकला असता तर त्या फिटरचं जे झालं असतं त्यात माझाही वाटा होता. तेव्हा तुला बोल लावायला मी जागा ठेवलेली नाही.

इथे नर्सरीच्या मागे दोन खोल्या रिकाम्या आहेत. छत शाकारून घेतलंय. उपकार वगैरे काही नाही, मला माणसं हवीच आहेत. दाजींचा हात मला हवाय. कुंड्या भरणं, कंद वेगळे करणं, ही बोटांची कामं आहेत.

वाफ्याला हात लावू नका. तुटलेल्या तुकड्यांतून थोडेफार फुटतील. खरं तर नवे कोंब फुटत असताना ही झाडं हलवू नयेत, पण वेळ आपल्या हातात नाही. मी पंचवीसला टेम्पो घेऊन येतो, बादल्या आणतो, मातीसकट उचलू. रुसतील वर्षभर. रुसू देत.

दाजींना मी यायचं सांगू की तू?

लंबू


१७ जून

लंबू,

पंचवीसला ये. मी सांगितलं. मान हलवली. ती हो होती की नाही होती ते कळलं नाही, पण यांनी दुपारी जुन्या ट्रंका खाली काढल्या.

वाफ्यात सात कोंब आलेत. तीन पांढऱ्या कडेचे, चार हिरवे. हिरवे मी काढले, कंदाच्या तुकड्यासकट, तू सांगतोस तसे.

दुसरं सांगायचंय ते हे. परवा हे जेवता जेवता थांबले आणि महिन्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, "त्या फिटरचं घर कुठे आहे ते विचारून ठेव." मी सिग्नलवाल्याकडून पत्ता आणला. तो म्हणाला, वहिनी, त्याला काही माहीत नाही, कशाला उकरून काढता. मी हे यांना सांगितलं. हे म्हणाले, माहीत नाही म्हणूनच.

काल सकाळी गेलो. यांनी माझा दंड धरला होता. रस्त्यात असं यांनी कधी धरलं नव्हतं, तीस वर्षांत नाही. पायरी आली की मी पायरी म्हणायचे, खड्डा आला की खड्डा. आणि मनात मी सगळी तयारी करत होते. कोणी मला विचारलंच तर काय सांगायचं. घर जाईल म्हणून. दीडच वर्ष उरलं होतं म्हणून. यांना वरून खाली उतरवलं तर हे मोडतील म्हणून. सिग्नलवाला होता म्हणून. सगळी कारणं खरी आहेत, लंबू, एकही बनवलेलं नाही.

फिटर तळमजल्यावर राहतो. दारात बसून स्टुलाचा पाय बसवत होता. तिशीचा असेल. यांना बघून उठला, काका तुम्ही इकडे कसे, म्हणून खुर्च्या आणायला लागला. हे बसले नाहीत. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बारा मे, सुकाणू, तू वाकला होतास, मला दिसत नव्हतं, वर्षाहून जास्त दिसत नव्हतं, तरी मी वर जात होतो. फिटरला आधी समजेना. समजलं तेव्हा हसला. म्हणाला, काका, यार्डात असं चालायचंच, काही झालं तर नाही ना, तुम्ही कशाला मनाला लावून घेता. आणि परत खाली बसून स्टूल पुढ्यात ओढलं.

त्याची बायको पलीकडे दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने सगळं ऐकलं होतं. हातात ओला शर्ट तसाच घेऊन ती आली. मला वाटलं, यांना बोलेल. यांच्याकडे तिने बघितलंच नाही. माझ्यासमोर उभी राहिली आणि विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

रस्ताभर गोळा केलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. मी "हो" म्हटलं.

फिटर म्हणाला, जाऊ दे गं. तिने शर्ट माझ्यासमोरच स्टुलावर टाकला, खाली बसली, आणि ओल्या हातांनी नवऱ्याचं डोकं चाचपून बघितलं. कपाळ, कानांमागे, मानेपर्यंत. तो लाजून म्हणत होता, अगं काय करतेस, लोक आहेत. ती थांबली नाही. यांनी मला हळूच विचारलं, काय करतेय ती? मी सांगितलं.

मग आम्ही घरी आलो.

ताई